टाकीतल्या अक्षता

मोटारसायकलचा प्लग काढून पाहिला की तिच्या पोटातलं कळतं, असं मिस्त्री म्हणायचे. प्लगचं तोंड काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय. चहाच्या रंगाचं असेल तर देवाची कृपा, प्लग परत बसवा आणि घरी जा. आमच्या कारखान्याच्या मोटारसायकलचा प्लग त्या वर्षी दसऱ्यानंतर पांढरा पडला आणि त्याला कारण मी होतो. हे आधीच सांगून टाकतो. वेळेवर सांगितलं नाही म्हणून एका माणसाचं वाटोळं झालं, आता लपवून काय मिळवायचं?

तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं. पिंपरीच्या माळावर एकेक कारखाना उभा राहत होता आणि दोन कारखान्यांच्या मध्ये ज्वारी डोलत होती. मी नगरकडून आईला घेऊन आलो होतो. चिंचवडला एक खोली घेतली होती आणि एका नव्या कारखान्यात टेंपररी म्हणून लागलो होतो. काम असं की कारखान्याची डाक पुण्याच्या कचेरीत न्यायची आणि तिकडची इकडे आणायची. त्यासाठी मला एक मोटारसायकल दिलेली होती. लष्कराच्या लिलावातली, विलायती, लढाईत वापरलेली. वरून काळा रंग दिला होता, पण कुठेही खरवडलं की आतून लष्करी हिरवा डोकवायचा. हेडलाइट लागला तर लागला. टाकीखालच्या पेट्रोल कॉकची, म्हणजे तोटीची, जाळी कधीच फाटून गेली होती, हे मला माहीत होतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. टेंपररी माणसाने तक्रारी करायच्या नसतात.

या गाडीचे डॉक्टर म्हणजे मिस्त्री. चिंचवड स्टेशनाजवळ मुंबई रस्त्याच्या कडेला एका चिंचेखाली त्यांचं बस्तान होतं. बस्तान म्हणजे एक गोणपाट, एक लाकडी पेटी आणि रॉकेलचा अर्धा कापलेला डबा. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच गावचं मुसलमान घराणं. लढाईच्या दिवसांत ते लष्करी वर्कशॉपमध्ये होते आणि असल्या गाड्या त्यांनी शेकड्यांनी उघडून जोडल्या होत्या. माणूस शांत, पण कुणी न विचारता पान्याला हात लावला तर त्याची खैर नसे. शुक्रवारी दुपारी पेटीला कुलूप लावून नमाजाला जायचे, एरवी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथेच.

त्यांची काम करायची एक रीत होती. गाडी आली की आधी पाना उचलायचा नाही. गाडी चालू करायची, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. एवढं झालं की चालवणाऱ्याला तीन-चार प्रश्न. "गाडी अर्धं सांगती, चालवनारा अर्धं सांगतो," असं त्यांचं म्हणणं. या दोन अर्ध्यांवर त्यांचं सगळं दुकान चालायचं. चिखली-पुनावळ्याचे शेतकरी विहिरीवरच्या ऑइल इंजिनासाठी त्यांना बैलगाडीतून घेऊन जायचे. इंजिन न उघडता ते सांगायचे की अमुक वॉल्व्ह बसत नाही, आणि उघडल्यावर तेच निघायचं.

पण गेली दोनेक वर्षं त्यांचा उजवा कान पार बंद झाला होता. वर्कशॉपमध्ये उघड्या इंजिनांशेजारी वर्षं काढल्याची ती किंमत. डावाही मंद होत चालला होता. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं, तेही मी एकदा गाडी घेऊन मागून आलो, हाका मारल्या आणि त्यांना पत्ताच लागला नाही म्हणून. वर मुंबई रस्त्यावर लॉऱ्यांची वर्दळ रोज वाढत होती. मिस्त्री इंजिनाला कान लावून बसायचे आणि एक लॉरी गेली की पुन्हा पहिल्यापासून.

"भाऊ, बंद शेड पायजे मला," ते म्हणाले होते. "चार भिती आन्‌ दार. आत शांत असंल तर हा डावा कान आजून धा वर्सं काढंल. हितं रस्त्यावर दोन वर्सं बी न्हाई."

आणि तशी शेड आमच्या कारखान्यात होत होती. दोन लॉऱ्या, एक जीप आणि ही मोटारसायकल यांच्यासाठी कारखाना स्वतःचं गॅरेज काढत होता. नव्याने आलेल्या साहेबांना कायमचा मिस्त्री हवा होता. मी धीर करून चिंचवडच्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, पाहू, एखादं काम देऊन बघू. मी हे सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि पटक्याच्या टोकाने चेहरा पुसला. त्यांना त्या शेडशिवाय दुसरा आसरा नाही, हे मला तेव्हा पक्कं कळलं होतं. पुढे जे केलं ते मी अजाणतेपणी केलं, असं म्हणायची सोय नाही.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. प्रत्येकाने आपापलं यंत्र धुतलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मीही मोटारसायकल घासूनपुसून, पाण्याच्या बादल्या ओतून लख्ख केली. आमच्या घरी खंडेनवमीची एक पद्धत होती. आई जात्याच्या तोंडात, उखळात, चुलीच्या वैलात चिमूट चिमूट अक्षता टाकायची. ज्याला तोंड आहे, त्याच्या तोंडात आज काही पडलं पाहिजे, वर्षभर ते आपलं पोट भरतं, असं तिचं सांगणं. मी आजूबाजूला पाहिलं, टाकीचं झाकण फिरवलं आणि कुंकवात माखलेल्या चिमूटभर अक्षता आत सोडल्या. नमस्कार केला, झाकण लावलं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं. परक्या मुलखात, परक्या यंत्राला मी घरचं केलं होतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी डाक घेऊन निघालो. दापोडीच्या अलीकडे गाडीने वेग धरला आणि कार्बोरेटरला शिंका सुरू झाल्या. फट्‌, फट्‌, आणि इंजिन थंड. किका मारून मारून पोटरी भरून आली, तोंडातून काय काय शिव्या गेल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. रस्त्याच्या कडेला बसलो. पाच-सात मिनिटांनी सहज एक किक मारली तर गाडी चालू, काही झालंच नव्हतं अशी. मैलभर गेली, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. साहेबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "बोलवा तुमच्या मिस्त्रीला. हेच काम देऊ."

मिस्त्री धुतलेला सदरा घालून आले होते. दाढी नीट केलेली, पेटी घासलेली. कारखान्याच्या आवारात दहा-पंधरा माणसं उगीच घोटाळत होती आणि साहेब हाताच्या अंतरावर उभे होते. मिस्त्रींनी गाडी चालू करायला लावली, मूठ हाडाला टेकवली, डोळे मिटले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं.

"ठिनगी झ्याक हाय," ते मला म्हणाले. "पेट्रोल तुटतंय."

प्लग काढला तर पांढराफटक. मिस्त्रींनी तो साहेबांना दाखवला, साहेबांनी मान हलवली. सगळं जुळत होतं. मग त्यांनी कार्बोरेटर उघडला. फ्लोटची वाटी स्वच्छ. जेट उन्हाकडे धरून पाहिला, भोक आरपार दिसत होतं. तरी फुंकून साफ केला. कॉकखालची नळी सोडवली, कॉक उघडला, पेट्रोलची धार भरभरून त्यांच्या तळव्यावर पडली. कुठे काही अडकलेलं नाही. मिस्त्रींच्या कपाळावर आठी आली. ते माझ्याकडे वळले आणि त्यांचे नेहमीचे प्रश्न सुरू झाले.

"कवापासनं?"

"दसऱ्यानंतर."

"मदी धुतली व्हती?"

"हो. खंडेनवमीला धुतली."

"टाकीत काय गेलं व्हतं का? माती, चिंधी, काय बी?"

त्या क्षणी मला अक्षता आठवल्या. आधी एकदाही आठवल्या नव्हत्या आणि आता आईच्या हातातल्या ताटलीसकट आठवल्या. साहेब माझ्याकडे बघत होते. पूजेच्या दिवशीच त्यांनी लेथवर कुंकू टाकल्याबद्दल एकाला सगळ्यांसमोर झापलं होतं. मी टेंपररी. घरी आई. कारखान्याच्या गाडीच्या टाकीत तांदूळ टाकणारा माणूस दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर असता.

"नाही," मी म्हणालो. आणि एवढ्यावर न थांबता, "झाकणसुद्धा उघडलं नाही मी," असंही म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. चालवणाऱ्याने आपलं अर्धं सांगितलं होतं. त्यांनी पुन्हा गाडी चालू केली, पुन्हा मूठ लावली, या खेपेला बराच वेळ. मग माझ्याजवळ सरकून हळूच बोलले, "कान म्हन्तोय पेट्रोल. पर हितं तर समदं साफ हाय. कानाचाच घोटाळा असंल." आणि साहेबांना मोठ्याने सांगितलं, "धुतली तवा मॅगनेटमदी पानी गेलंय साहेब. गरम झालं की ठिनगी मरती, गार झालं की येती. वाइंडिंग करावं लागंल."

मोठा तर्कशुद्ध निष्कर्ष होता. मी दिलेल्या खोट्या उत्तरातून दुसरं काही निघूच शकत नव्हतं.

ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उतरवून त्याच्या तारा नव्याने गुंडाळायला पुण्याला पाठवला. चार-पाच दिवस गाडी शेडमध्ये उभी होती. या चार-पाच दिवसांत मी टाकी रिकामी करू शकत होतो. शेडला कुलूप नव्हतं, पहारेकरी माझ्या ओळखीचा होता. पण मी गेलो नाही. मी स्वतःची समजूत घालत होतो की एवढ्या जुन्या मॅग्नेटोत पाणी गेलंच असणार, चार दाण्यांनी काय होतंय. शिवाय टाकी उघडायला गेलो आणि कुणी पाहिलं तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही. दोन खेपा शेडच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो.

मॅग्नेटो आला. मिस्त्रींनी तो बसवला, नवा प्लग लावला, गाडी एका किकेत चालू झाली. साहेबांना स्वतःला चालवून पाहायची होती. ते आकुर्डीच्या दिशेने निघून गेले. आवाज लांब जाईपर्यंत सगळे ऐकत होतो. मिस्त्री पेटी आवरत म्हणाले, "आता न्हाई बंद पडत."

अर्ध्या तासाने साहेब फाटकातून आले ते गाडी ढकलत. टाय खिशात कोंबलेला, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. बघणाऱ्यांपैकी कुणी हसू दाबलं असेल, मी मात्र टाकीकडेच बघत होतो. मिस्त्री धावत गेले, त्यांनी किक मारली आणि गाडी लगेच चालू झाली. इतका गोड आवाज, की साहेबांचा राग दुप्पट झाला.

मिस्त्री इंजिनावर वाकून पुन्हा मूठ कानाला लावू लागले. त्यांची पाठ साहेबांकडे होती. साहेब मागे उभे राहून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तो पाना द्या." मिस्त्री हलले नाहीत. साहेब पुन्हा तेच म्हणाले, थोडं मोठ्याने. पाना मिस्त्रींच्या गुडघ्यापाशी पडलेला. तिसऱ्यांदा साहेब बोलले नाहीत, स्वतःच वाकून त्यांनी पाना उचलला. तेव्हा कुठे मिस्त्रींनी दचकून मान वळवली आणि भोवतालचे चेहरे पाहिले. काय झालं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

साहेब वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर मला त्यांच्यावर रागावता तरी आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही मेहनत केलीत, पण आम्हाला ऐकू येणारा माणूस हवा." मिस्त्रींनी सलाम केला, पेटी उचलली आणि फाटकाबाहेर पडले. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेलो. हाक मारली नाही. मारली असती तरी काय, पाठमोऱ्या माणसाला ती कुठे ऐकू जाणार होती.

दोन दिवसांनी भर दुपारी मी गाडी पवनेच्या काठी नेली, टाकी उतरवली आणि पेट्रोल एका डब्यात गाळलं. फडक्यात सात दाणे राहिले. कुंकू धुऊन गेलेलं, दाणे पिवळट, जसेच्या तसे. गाडी जोरात पळू लागली की पेट्रोलच्या ओढीने ते जाळी नसलेल्या कॉकच्या तोंडाशी जमत आणि भोक बुजवत. गाडी थांबली, हलली की बाजूला होत. म्हणून कार्बोरेटर कधीही उघडा, साफच. मिस्त्रींचा कान पहिल्या दिवशी, पहिल्या दोन मिनिटांत बरोबर बोलला होता. मी ते दाणे नदीत टाकले. गाडी त्यानंतर एकदाही बंद पडली नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याहून नवा मेकॅनिक आला. त्याने मॅग्नेटोचे दोन स्क्रू उगाच आवळले, आणि मोटारसायकल त्याने दुरुस्त केली असं ठरलं. मीही सगळ्यांबरोबर त्याचं कौतुक केलं.

उन्हाळ्यात मी पर्मनंट झालो. आईने पेढे वाटले.

चिंचेखालची जागा तोवर रिकामी झाली होती. मिस्त्रींनी काम सोडलं होतं. ऐकलं ते असं की कारखान्यातून आल्यावर त्यांनी महिनाभर तरी प्रयत्न केला. गाडी आली की ऐकायचे, मनात एक यायचं, पण त्यावर विश्वास बसायचा नाही. मग सगळंच उघडायचे. साप साप म्हणून भुई धोपटायचे. एका शेतकऱ्याचं धडधाकट इंजिन त्यांनी उघडून ठेवलं आणि ते पुन्हा नीट जुळलं नाही. मग गिऱ्हाइकांना स्वतःच सांगू लागले, कान गेला माझा, पुण्याला न्या. आता ते काळेवाडीकडे मेव्हण्याच्या लाकडाच्या वखारीत बसत होते.

मी एका रविवारी सायकलने तिकडे गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. मनात आशा होती, वेड्यासारखी, की हे कळल्यावर मिस्त्री उठतील, पेटी काढतील, आणि निदान चिंचेखाली तरी परत बसतील. ते तराजूजवळ एका ओंडक्यावर बसले होते. मला पाहून त्यांना खरंच आनंद झाला. म्हणाले, "बसा भाऊ," आणि चहा सांगितला.

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो आणि सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्याने सांगितलं. वखारीत लाकडं फोडणारे दोघे थांबून बघू लागले. मी ओरडून सांगत होतो, की टाकीत मी अक्षता टाकल्या होत्या, सात दाणे निघाले, तुमचा कान बरोबर होता, पेट्रोलच तुटत होतं. सांगता सांगता माझा आवाज फाटला.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भाऊ, म्हाताऱ्याचं मन राखाया इतक्या उनातनं आलात," ते म्हणाले. "लई भलं मानूस हाय तुमी. पर असं खोटं बोलू न्हाई. मला आता दुक न्हाई त्याचं. व्हायचं ते झालं."

"खोटं नाही मिस्त्री. आईशपथ."

"आसं कसं?" ते हसले. "मी तुमाला त्या दिवशी इचारलं न्हवतं का? साहेबाम्होरं इचारलं. तुमी न्हाई म्हनलात. तुमच्यावानी मानूस खोटं बोलंल व्हय?"

चहा आला. आणखी एकदा सांगायला हवं होतं, हातापाया पडून सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी बशीत चहा ओतला आणि प्यायलो. मिस्त्री माझ्या आईची विचारपूस करत होते. मी उत्तरं देत होतो आणि आतून मला सुटल्यासारखं वाटत होतं.